वाफेचे इंजिन पुन्हा रुळावर येईल काय?

सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या नव्या रेल्वेमार्गाचे काम सुरू झाल्यापासून जिल्ह्यातल्या वर्कशॉपांतून आणि फौंड्र्यांतून एक प्रश्न हमखास निघतो. कोळसा आपल्या देशात मुबलक आहे, डिझेल मात्र बाहेरून आणावे लागते. परदेशात वाफेच्या इंजिनात मोठ्या सुधारणा झाल्या असेही ऐकू येते. मग अशी सुधारलेली इंजिने आपल्याकडे का चालू नयेत? ती चालली तर लेथवाले, ओतकाम करणारे, वेल्डर, पितळकाम करणारे अशा कितीतरी कारागिरांना काम मिळेल. प्रश्न भाबडा नाही. ज्यांच्या वाडवडिलांनी बार्शी लाईटच्या गाडीने माल पाठवला त्यांच्या तोंडून तो आला तर नवलही नाही. पण त्यावर भांडवल लावायचे किंवा मुलाला एखादा हुन्नर शिकवायचा, तर हिशेब नीट मांडून पाहिला पाहिजे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगले वाफेचे इंजिन बनू शकते, हे सिद्ध झालेले आहे. तरीही रोजच्या मालगाडीला किंवा पॅसेंजरला ते आता जोडले जाणार नाही. त्याची कारणे कारागिरीत नाहीत, बाहेर आहेत. आणि वाफेवरचे काम मात्र आपल्या जिल्ह्यातून कधी गेलेच नाही, ते वेगळ्या दारात जाऊन बसले आहे.

सुरुवात घरापासून करू. बार्शी लाईट रेल्वे म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची कामगिरी. १८९७ साली कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांवर पहिली गाडी धावली. पुढे हा मार्ग निजामाच्या मुलखात शिरला, तडवळ्यापर्यंत आला आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचला. दुसरी शाखा पंढरपूरमार्गे मिरजेला गेली. १९५४ च्या १ जानेवारीला सरकारने कंपनी विकत घेतली. येडशी, कळंब रोड, ढोकी ही स्टेशने त्या काळापासून मालाच्या चढउताराची.

कॅलथ्रॉपचे खरे डोके इंजिनाच्या वजनात होते. रूळ हलके टाकायचे, म्हणजे खर्च कमी. पण मग चाकांच्या कोणत्याही जोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. म्हणून लीड्सच्या किट्सन कंपनीकडून त्याने आठ जोडलेल्या चाकांची इंजिने करवून घेतली, वजन अनेक चाकांवर वाटले आणि डबेही त्याच मापात बसवले. यातली गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंजिन एकटे चांगले असून भागत नाही, ते रुळाला, पाण्याला, मालाला आणि माणसांना जुळावे लागते. वाफेच्या इंजिनाचा आजचा सगळा वाद याच जुळण्याचा आहे.

आता जुने इंजिन इतके खादाड का होते ते पाहू. भट्टीत शंभर रुपयांचा कोळसा टाकला, तर साधारण सहा ते आठ रुपयांचे काम चाकांवर उमटायचे. बाकी सगळे धुरांड्यातून जायचे. घरात भात शिजताना झाकण उघडे टाकले की उष्णता वाफेबरोबर निघून जाते, तसाच हा प्रकार. पाण्याची वाफ करायला जी प्रचंड उष्णता लागते, ती सिलिंडरात दट्ट्या ढकलून झाल्यावरही वाफेतच राहते, आणि इंजिन ती वाफ आकाशात सोडून देते. औष्णिक वीज केंद्रात मात्र तीच वाफ टर्बाइनमधून गेल्यावर थंड करून तिचे पुन्हा पाणी करतात. त्यामुळे तेथे वाफेतून कितीतरी जास्त काम काढून घेता येते. चालत्या इंजिनावर एवढा मोठा कंडेन्सर बसवायला जागा नसते.

एवढे मान्य करूनही अर्जेंटिनाचे लिव्हिओ दांते पोर्ता (१९२२–२००३) यांनी आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली. इंजिनाचे दोष वाफेचे नाहीत, ते जुन्या मापांचे आणि आळसाचे आहेत. त्यांच्या दोन सुधारणा आपल्या कारागिरांना सहज समजतील.

पहिली भट्टीची. जुन्या भट्टीत सगळी हवा जाळीखालून येई. जोराचा ओढा लागला की कोळशाचे बारीक कण न जळताच धुरांड्यातून उडत. गाडीच्या खिडकीत बसलेल्यांच्या डोळ्यांत जे जाई ते हेच. पोर्तांनी आगीचा थर जाड केला, जाळीखालून थोडीच हवा दिली आणि बाकीची हवा बाजूच्या भोकांतून आगीच्या वर सोडली. खाली कोळशाचा गॅस होतो आणि वर तो जळतो. जाळीखाली थोडी वाफही सोडतात, म्हणजे राख वितळून दगडासारखे गोळे होत नाहीत. आपला देशी कोळसा राखेने भरलेला असतो, त्याच्या दृष्टीने ही कल्पना फार मोलाची. चांगल्या गुऱ्हाळाच्या चुलवणाजवळ ज्याने रात्र काढली आहे, त्याला वरच्या हवेचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

दुसरी सुधारणा धुरांड्याची. इंजिनात भात्याचे काम वापरलेली वाफच करते. ती धुरांड्यात झोताने सोडली की आगीवर ओढा लागतो. पण झोतासाठी तोंड बारीक ठेवले की तीच वाफ उलटी दट्ट्याला अडवते, म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे. पोर्तांनी एका तोंडाऐवजी अनेक तोंडे बसवली आणि धुरांड्याचा आकार वर रुंदावत नेला. ओढा तोच राहिला, अडथळा कमी झाला. यात महाग धातू नाही की परदेशी यंत्र नाही. पत्रा, नळी आणि अचूक माप, बस्स.

या कल्पनांची नावाजलेली परीक्षा दक्षिण आफ्रिकेत झाली. डेव्हिड वॉर्डेल या इंजिनिअरने १९८१ मध्ये तेथल्या रेल्वेचे ३४५० क्रमांकाचे इंजिन पोर्तांच्या पद्धतीने बदलले. तांबड्या रंगामुळे लोक त्याला 'रेड डेव्हिल' म्हणू लागले. मूळ इंजिनाच्या तुलनेत कोळसा सुमारे २८ टक्के आणि पाणी सुमारे ३० टक्के वाचले, शिवाय ताकदही बरीच वाढली. हे जुन्याच सांगाड्यात केलेले काम होते, नवे इंजिन नव्हे. तरी त्या वर्गाचे दुसरे इंजिन कधी बदलले गेले नाही. त्या देशाची रेल्वे तोवर डिझेल आणि विजेकडे वळली होती.

बार्शी लाईटवाल्यांना जवळचे वाटेल असे उदाहरण अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला आहे. रिओ तुर्बियोच्या कोळसा खाणीपासून बंदरापर्यंतची रेल्वे ७५० मिलिमीटरची, म्हणजे आपल्या ७६२ मिलिमीटरच्या बार्शी लाईनपेक्षा जराशी अरुंदच. जपानच्या मित्सुबिशीने बांधलेली तिथली इंजिने पोर्तांनी सुधारली आणि त्यांनी १,७०० टनांपर्यंतच्या गाड्या ओढल्या. अरुंद मार्ग म्हणजे खेळण्याची गाडी, ही समजूत त्यांनी खोटी ठरवली. पण तेथे कोळसा खाणीचाच होता, गाडी एकाच मालाची आणि एकाच दिशेची होती, आणि भोवती दुसरी वस्ती जवळपास नव्हती. इंजिन जुळले, कारण सगळे जुळले. पुढे तेथेही डिझेल आले.

मग आपल्याकडे काय जुळत नाही? पहिली गोष्ट पाणी.

एप्रिल २०१६ आठवा. लातूर तहानले होते आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आले. ३४२ किलोमीटरची ती वाट पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करीत आपल्याच जिल्ह्यातून जाते. पहिल्या गाडीला दहा टाकी वॅगनी होत्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. ती गाडी वाफेच्या इंजिनाने ओढली असती तर काय झाले असते, याचा ढोबळ हिशेब करू. बॉयलरात एक किलो कोळशाने साधारण सहा ते सात किलो पाण्याची वाफ होते. जड गाडीला किलोमीटरमागे ३० किलो कोळसा लागतो असे गृहीत धरू. ३४२ किलोमीटरला सुमारे १० टन कोळसा आणि ६५ हजार लिटरच्या आसपास पाणी. म्हणजे लातूरकरांच्या दहा वॅगनींपैकी सव्वा वॅगन इंजिनच पिऊन गेले असते. 'रेड डेव्हिल'सारखी बचत धरली तरी ४५ हजार लिटर, जवळजवळ एक भरलेली वॅगन. आणि हे फक्त जातानाचे.

शिवाय ते पाणी कसे हवे? मराठवाड्यातल्या बोअरचे पाणी ज्याने किटलीत उकळले आहे, त्याला आत धरणारी पांढरी खपली ठाऊक आहे. बॉयलरच्या नळ्यांवर ती बसली की उष्णता पाण्यात उतरत नाही, नळी तापून फुगते आणि फुटते. पोर्तांनी पाण्यात औषधे घालून खपली सैल ठेवण्याची पद्धतही बसवली होती आणि ती चालली. पण त्यासाठी रोज पाणी तपासणारा जाणकार माणूस प्रत्येक शेडवर लागतो. दुष्काळी जिल्ह्यात माणसांच्या आणि गुरांच्या आधी इंजिनाला पाणी देणारा स्टेशनमास्तर लोक सुखाने राहू देतील असे वाटत नाही.

दुसरी गोष्ट डोक्यावरची तार. बार्शी लाईनचे रुंदीकरण लातूर ते कुर्डुवाडी या भागात २००७-०८ मध्ये झाले आणि मार्ग वळवून जिल्ह्याच्या गावाला पहिल्यांदा स्टेशन मिळाले. त्यानंतर विजेच्या तारा आल्या. मध्य रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांपैकी विजेवर आलेला अगदी शेवटचा तुकडा कोणता, हे अनेकांना माहीत नसेल. तो आपल्या शेजारचा औसा रोड ते लातूर रोड, ५२ किलोमीटरचा. २३ फेब्रुवारी २०२३ रोजी त्याचे काम पुरे झाले. म्हणजे ज्या प्रश्नात आपण कोळसा विरुद्ध डिझेल असा हिशेब घालतो, त्यातले डिझेलच आता बाजूला झाले आहे. स्पर्धा विजेशी आहे. तार एकदा टांगली की तिचा खर्च झालेलाच असतो, आणि तिच्याखाली रोज काजळी सोडणारे इंजिन चालवले तर चिनीमातीचे इन्सुलेटर पुसत बसण्याची पाळी येते.

गंमत अशी की तारेतली वीज तरी कुठून येते? आपल्या राज्यात ती बऱ्याच अंशी कोळशाच्या वाफेतूनच येते. शेजारच्या परळीचे वीज केंद्र तेच करते, आणि साखर कारखान्यांचे सहवीज प्रकल्पही तेच करतात. वाफ आजही गाडी ओढते, फक्त इंजिनावर बसून नाही. कोळसा इंजिनात जाळण्याऐवजी वीज केंद्रात जाळला तर त्याच कोळशात गाडी कितीतरी लांब जाते, आणि राख एकाच ठिकाणी पडते.

तिसरी गोष्ट माणसांची आणि शेडची. वाफेचे इंजिन सकाळी किल्ली फिरवून सुरू होत नाही. आग लावून दाब चढायला तास लागतात. राख काढणे, नळ्या झाडणे, तेल घालणे, बॉयलर धुणे ही कामे रोजची. त्यासाठी पाण्याचे नळखांब, राखेचे खड्डे, इंजिन फिरवायची टर्नटेबले होती, ती सगळी उखडली गेली. चित्तरंजन कारखान्याने २,३५१ वाफेची इंजिने बांधली. त्यातले शेवटचे ब्रॉडगेज इंजिन १९७० साली 'अंतिम सितारा' या नावाने बाहेर पडले. ब्रॉडगेजवरची शेवटची नियमित वाफेची गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंधर–फिरोजपूर मार्गावर धावली. तेव्हाचे तरुण फायरमनही आज निवृत्त झाले आहेत. इंग्लंडमध्ये हौशी लोकांनी वर्गणी काढून 'टॉर्नेडो' हे नवे वाफेचे इंजिन २००८ मध्ये पूर्ण केले, पण ज्या देशाने जगाला आगगाडी दिली तेथे त्याचा बॉयलर बांधून मिळाला नाही, तो जर्मनीहून आणावा लागला. हुन्नर एकदा तुटला की पैसा हातात असूनही माणूस मिळत नाही.

उसाच्या चिपाडावर इंजिन चालवता येईल का, असेही कोणी विचारतात. अमेरिकेत २०१२ साली लाकूडफाटा भाजून केलेल्या कोळशावर एक जुने मोठे इंजिन चालवण्याची योजना मिनेसोटा विद्यापीठाच्या साथीने जाहीर झाली होती. ते इंजिन काही मुख्य मार्गावर आले नाही. आपल्याकडे तर चिपाडाला घरबसल्या गिऱ्हाईक आहे. कारखाना ते स्वतःच्या बॉयलरात जाळून साखरही करतो आणि उरलेली वीजही विकतो. ते गाडीत भरून इंजिनामागे कोण हिंडवेल?

इतके सांगितल्यावर न्याय म्हणून दुसरी बाजूही मांडतो. नवी वाफेची इंजिने आजच्या काळात बांधली गेली आहेत आणि ती चालतात. स्वित्झर्लंडच्या विंटरथूर येथील कारखान्याने १९९२ मध्ये ब्रिएन्झच्या डोंगरी रेल्वेसाठी तेलावर चालणारी नवी इंजिने दिली. बॉयलरला उष्णता राखणारे जाड आवरण, आधी विजेने पाणी तापवण्याची सोय आणि इंजिनावर एकच माणूस. आपल्याच देशात तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने २०११ पासून निलगिरी रेल्वेसाठी नवी वाफेची इंजिने बांधली. म्हणजे भारतीय कारागिरांना हे जमते. पण या दोन्ही ठिकाणी माल जात नाही, प्रवासी जातात, आणि ते वेळ वाचवायला नव्हे तर घालवायला तिकीट काढतात.

या धंद्याची चव आपल्या व्यापाऱ्यांना नवी नाही. नेरळहून माथेरानला जाणारी दोन फुटी रेल्वे मुंबईचे बडे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीने झाली. १९०४ मध्ये काम सुरू होऊन १९०७ मध्ये गाडी धावली आणि त्यावर सुमारे १६ लाख रुपये लागले. इतक्या कड्यावळणांतून जाण्यासाठी जर्मनीहून खास इंजिने आणली होती. वाफेची इंजिने तेथून गेली तरी माथेरानची गाडी टिकली. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी केवडियाहून अहमदाबादला सुरू झालेली वारसा गाडी तर दिसायला वाफेची आणि आतून विजेची आहे. पर्यटकाला धूर आणि शिट्टी पुरते, बॉयलर लागतोच असे नाही.

तेव्हा उद्या कोणी येडशी–रामलिंगच्या घाटात जुनी छोटी गाडी वाफेवर चालवण्याची कल्पना मांडून भागभांडवल मागू लागला, तर कल्पना हसण्यावारी नेऊ नका. जागा सुंदर आहे आणि आठवण जिवंत आहे. पण चेकवर सही करण्याआधी काही गोष्टी विचारा. रुंदीकरणात उखडलेल्या जुन्या मार्गाची जमीन कोणाच्या ताब्यात आहे? तेथे अभयारण्य आहे, वनखात्याची लेखी परवानगी आहे का? उन्हाळ्यात पाणी कोठून आणणार? वर्षातले किती दिवस गाडी भरेल, आणि पावसाळ्यात बसून राहिलेल्या माणसांचा पगार कोण देणार? बॉयलर कोण तपासणार? उत्तर कागदावर मिळाले तर पुढचे बोलावे.

आता ज्या मिस्त्रींनी मुलाच्या शिक्षणासाठी हा प्रश्न विचारला, त्यांच्यासाठी दोन शब्द. वाफेचे काम शिकवा, पण रेल्वेकडे डोळे लावून नको. जिल्ह्यात ढोकीच्या तेरणेपासून रांजणीच्या नॅचरल शुगरपर्यंत साखरेच्या धंद्याचा पाया बॉयलरच आहे. दूध डेअऱ्या, कापड रंगवणारे, तेल गिरण्या, इस्पितळांची धुलाई, सगळीकडे लहानमोठे बॉयलर आहेत. नळ्या बदलणे, भट्टीच्या विटा बसवणे, व्हॉल्व्ह घासून बसवणे, नळांवर उष्णतारोधक आवरण चढवणे ही कामे हंगामाआधी घाईने निघतात आणि चांगला माणूस तेव्हा मिळत नाही.

दोन कागद हातात असले तर मजुरी बदलते. एक बॉयलर अटेंडंटचा परवाना, तो दुसऱ्या आणि पहिल्या वर्गाचा असतो. राज्याच्या बाष्पके संचालनालयाची परीक्षा द्यावी लागते आणि अनुभवाचा दाखला लागतो, म्हणून मुलगा हेल्पर म्हणून लागला त्या दिवसापासूनची नोंद कारखान्याकडून लेखी घेऊन ठेवावी. दुसरा कागद आयबीआर वेल्डरचा. दाबाच्या नळ्यांची वेल्डिंग साध्या वेल्डरला करता येत नाही. नमुना जोड कापून, वाकवून तपासतात आणि मगच प्रमाणपत्र मिळते, पुढे ठरावीक मुदतीने ते नवे करावे लागते. १९२३ चा जुना बॉयलर कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा कायदा झाला आहे, त्यामुळे अर्ज भरताना सध्याचे नियम विचारून घ्यावेत. ज्यांच्या दुकानात किंवा भट्टीत २५ लिटरपेक्षा मोठा, एक किलोहून जास्त दाबाचा बॉयलर बसवलेला आहे, त्यांनाही हा कायदा लागू होऊ शकतो. गावच्या फॅब्रिकेटरने पिंपाला कॉक आणि नळी जोडून करून दिलेला 'बॉयलर' स्वस्त पडतो खरा, पण त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह आहे का आणि तो शेवटचा कधी उडवून पाहिला, हे आजच दुकानात जाऊन बघा.